पाणी उतरवताना

शालनबाई पोतदारांचं विज्ञानाशी काही वाकडं नव्हतं. दोन हजार अडतीस सालात राहायचं म्हटल्यावर वाकडं असून चालणार तरी कसं? घरातली भांडी यंत्र घासत होतं. कोपऱ्यावरची रिक्षा ड्रायव्हरशिवाय दारात येऊन उभी राहत होती आणि शालनबाई तिला सवयीनं "सावकाश रं बाबा" असं सांगून बसतही होत्या. पण पोरगी सकाळच्या गाडीनं पुण्याहून कोल्हापूरला येते काय, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत "आई, तुझ्या पाटल्या विरघळवायला देतेस का?" असं विचारते काय, हे जरा अतीच झालं.

"विरघळवायला? साखरेच्या आहेत होय त्या?"

वृषालीला हसू आलं नाही. एकोणचाळीस वर्षांची बाई, कॉलेजात भूगोल शिकवते, साठ पोरांना एका नजरेत गप्प बसवते. पण आज नुसती चहाच्या कपाशी चाळा करत बसली होती.

"पाटल्या राहतील गं. वरचं सोन्याचं पाणी तेवढं उतरवायचं."

"म्हणजे माझा पाणउताराच की."

"आई, ऐक ना. त्यात बाबांचा आवाज असेल कदाचित."

शालनबाईंनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

वृषालीचे वडील, मुरलीधर पोतदार, मुलामा चढवायचं काम करायचे. सराफांच्या गुजरीच्या मागच्या बोळात त्यांचा एका खोलीचा कारखाना होता. तांब्यापितळेच्या दागिन्यावर सोन्याचं पाणी चढवावं ते पोतदारांनीच, असं सराफ म्हणत. वृषाली आठ महिन्यांची असताना कागलच्या रस्त्यावर ट्रकनं त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. मागं तीन फोटो राहिले. लग्नाची कॅसेट होती, तिला बुरशी लागली. लागली नसती तरी तिच्यात नुसता बँडच वाजत होता. लहानपणी वृषाली विचारायची, "बाबा कसं बोलायचे?" शालनबाई घसा खाली आणून नक्कल करायच्या, आणि पोर हिरमुसून म्हणायची, "ही तर तूच आहेस." तो आवाज शोधायचं वेड तिच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

आता पुण्यात बाणेरच्या टेकडीखाली एक छोटी प्रयोगशाळा निघाली होती. तिथल्या लोकांनी जुन्या मुलाम्याच्या एका पेल्यातून साठ वर्षांपूर्वीच्या गिरणीचा भोंगा ऐकवला होता. बातमी वाचली त्या दिवसापासून वृषालीला झोप नव्हती. वडिलांनी चढवलेलं पाणी जगात एकाच जागी शिल्लक होतं: वृषाली पोटात असताना त्यांनी बायकोसाठी केलेल्या दोन पाटल्यांवर. सणावारापुरत्याच घातल्या म्हणून टिकल्या. रोज घातल्या असत्या तर पाणी कधीच उडून गेलं असतं.

"तुला एक सांगू का," शालनबाई म्हणाल्या, "पाणी चढत असताना ते बोलायचे नाहीत. कारखान्यात तसा नेमच होता. तोंडाची वाफ लागली की पाणी फिकं बसतं म्हणायचे. शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकायचे."

"एखादा शब्द तरी गेला असेल ना तोंडातून?"

लेकीच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. शालनबाईंनी कपाट उघडलं.

"एक देतो. दुसरी मागू नको."

---

प्रयोगशाळेत नचिकेत देवस्थळी नावाचा तरुण शास्त्रज्ञ भेटला. अस्सल पुणेरी, बोलायला गोड, पण समजावून सांगायला लागला की थांबायचं नाव नाही. काचेच्या छोट्या टाकीत कसलंसं फिकट द्रावण होतं आणि दोन तारा खाली सोडल्या होत्या.

"काकू, तारेतून वीज जाते तेव्हा इलेक्ट्रॉन धावतात. पाण्यात त्यांना तसं धावता येत नाही. शुद्ध पाण्यातून तर वीज जवळजवळ जातच नाही. पण त्यात मीठ विरघळवा, आम्ल घाला, सोन्याचा क्षार घाला, की विजेचा भार घेतलेले सुटे कण तयार होतात. त्यांना आयन म्हणतात. द्रवात वीज वाहून नेतात ते हे आयन. आणि दोन टोकांपाशी पोचले की नुसते परत फिरत नाहीत, तिथं रासायनिक बदल घडतो. ऋण टोकाला टांगलेल्या वस्तूपाशी सोन्याच्या कणाला इलेक्ट्रॉन मिळतो, आणि तो पुन्हा सोनं होऊन तिथंच चिकटतो."

"ते माहीत आहे मला. माल ऋणाला आणि सोन्याचा पत्रा धनाला. उलटं जोडलं की असलेलंही जातं. आमच्या घरात हे कणीक मळण्याइतकं जुनं आहे."

"मग तुम्हीच शिकवा आम्हाला." नचिकेत हसला. "आम्ही तेच उलटं जोडतो. पण आधी गंमत ऐका. जितकी वीज गेली, तितकंच सोनं बसतं; एक कण इकडचा तिकडं होत नाही. खोलीत कुणी बोललं, तर टाकीतलं पाणी अगदी बारीक हलतं. पाणी हललं की वस्तूपाशी पोचणारे कण क्षणभर वाढतात नाहीतर घटतात, आणि थर तिथं किंचित दाट बसतो किंवा विरळ. तुमच्या पाटलीवरचा मुलामा केसाच्या शंभराव्या भागाइतका पातळ असेल. पण त्यात अणूंचे दोन-तीन हजार थर आहेत, एकावर एक. त्या दुपारच्या काही मिनिटांची ती रोजनिशीच म्हणा."

"आणि ती वाचायची कशी?"

"विरघळवत. एकेक थर द्रावणात परत जाताना किती वीज लागते ते मोजायचं. शेवटचा थर आधी निघतो, म्हणून सगळं उलटं ऐकू येतं; ते संगणक सुलटं करतो. एकदा वाचलं की संपलं. पान वाचता वाचता फाडून टाकायचं, तसं आहे हे."

पाटली तारेला टांगली. वृषालीनं आईचा हात धरला. काही दिसण्यासारखं नव्हतं; टाकीतून बुडबुडासुद्धा येत नव्हता. वीसेक मिनिटांनी कडेचा पिवळा रंग मावळला, आणि खालून तांबूस अंग दिसायला लागलं. आपल्याला एवढं वाईट वाटेल असं शालनबाईंना वाटलं नव्हतं. ज्या माणसानं ते पाणी चढवलं तो गेला तेव्हा रडून झालं होतं, पण त्याच्या हातचं काम डोळ्यांदेखत जाताना बघणं ही वेगळीच गोष्ट होती.

"आवाज अगदी जसाच्या तसा मिळणार नाही हं," नचिकेत नंतर म्हणाला. "आयन जड असतात, सावकाश चालतात. त्यामुळे आवाजाची बारीक थरथर त्यांना टिपता येत नाही. बोलण्याचा चढउतार तेवढा उरतो. त्यावरून संगणक शब्द ओळखतो आणि गळा मात्र स्वतःच्या अंदाजानं बसवतो."

हे शेवटचं वाक्य वृषालीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शालनबाईंना ते तेव्हा कळलंच नाही.

---

आठ दिवसांनी नचिकेतचा निरोप आला. एकूण चाळीस सेकंदांचं बोलणं मिळालं होतं. वृषालीच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर, मायलेकी सोफ्यावर शेजारी बसल्या आणि वृषालीनं बटण दाबलं.

पुरुषाचा आवाज होता. खोल, शांत, जरासा दमलेला.

"मी आलो."

मग थोडी शांतता. मग पुन्हा, तुटक तुटक: "डॉक्टरीणबाई म्हणतात, धोका आहे... म्हणू देत... बाळा, तू घाबरू नको... मी तुला सोडणार नाही... मी कुठं जात नाही."

वृषाली ओंजळीत तोंड लपवून रडली. एकोणचाळीस वर्षांचं साचलेलं रडू होतं ते. "बाळा म्हणाले, आई. मला म्हणाले. मी जन्मायच्या आधी." शालनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला होता. मुरलीधर कुठून येणार होते? ते तर टाकीपाशीच उभे होते. आलेली होती ती शालन.

सातव्या महिन्यातली दुपार त्यांना लख्ख आठवली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बाळ राहील असं वाटत नाही, मनाची तयारी ठेवा. शालन तिथून तडक कारखान्यावर गेली. मुलाम्याची टाकी विषारी, म्हणून पोटुशी बाईनं आत यायचं नाही. ती दारातच उभी राहिली. मुरलीधर पाठमोरे होते, तारेला लावलेली पाटली पाण्यात होती. "मी आलो," ती म्हणाली. ते वळले नाहीत. मग तिनं पोटावर हात ठेवून पोटातल्या जिवाशीच बोलल्यासारखं सगळं ऐकवलं, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. तरी ते वळले नाहीत. ती तशीच घरी गेली. संध्याकाळी त्यांनी पाटल्या तिच्या हातात ठेवल्या, आणि तिनं तोंड फिरवलं. पुढं पोर सुखरूप झाली, आनंदाच्या भरात ती गोष्ट मागं पडली, वर्षभरात माणूसच गेला. पण मनाच्या तळाला एक खडा राहिलाच. लेकराच्या जिवाची गोष्ट सांगत होतो मी, आणि त्यांना पाणी फिकं बसायची काळजी. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि संगणकाला फसायला काय वेळ लागतो? कोल्हापूरची बाई "मी आले" म्हणत नाही. ती येतो म्हणते, जेवलो म्हणते, दमलो म्हणते. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या तशाच. वृषालीही म्हणायची. पुण्याला हॉस्टेलवर मुली हसल्या, आणि तिनं आठ दिवसांत "आलो"चं "आले" करून टाकलं. त्या पुणेरी संगणकाला "आलो" म्हटल्यावर पुरुषच दिसला, आणि त्यानं शालनच्या शब्दांना मुरलीधरांचा म्हणून एक गळा बसवून दिला. वृषालीला कळायला हवं होतं. पण मनी वसे ते कानी ऐकू येई, अशी तिची गत झाली होती.

शालनबाई त्या दिवशी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. लेक स्वयंपाक करताना तो आवाज लावायची, गाडीत लावायची. तिच्या चेहऱ्यावरची ओढ गेली होती. ती चक्क गुणगुणायला लागली होती. सांगायचं कोणत्या तोंडानं? बाप मिळालाय पोरीला, आता तो हिसकावून घेऊ? खोटा तर खोटा, नांदू दे. असं त्या मनाला बजावत होत्या.

तिसऱ्या दिवशी वृषालीनं एक कागद समोर ठेवला.

"एक कंपनी आहे, आई. एवढ्या चाळीस सेकंदांवरून ते पूर्ण आवाज उभा करतात. मग बाबांशी बोलता येईल. मी विचारेन, ते उत्तर देतील. कायदा असा आहे की जवळच्या माणसानं लिहून द्यावं लागतं, हा आवाज मी ओळखला म्हणून. तू इथं सही कर."

शालनबाईंनी चष्मा लावला. "मी, खाली सही करणार, हा आवाज माझे पती कै. मुरलीधर यांचाच असल्याचे ओळखून लिहून देते." वृषालीनं पेन उघडून हातात दिलं. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

गप्प बसणं वेगळं. पण तो माणूस आयुष्यभर मोजकं बोलला. आता त्याच्या तोंडी रोज नवीन वाक्यं घालणार, तीही बायकोच्या गळ्यातून उचललेली, आणि पोर त्याला बाबा म्हणून हाक मारणार. त्यांना ते सहन होईना.

"वृषा, हे तुझे बाबा नाहीत."

"म्हणजे?"

"मी आहे ती. ते बोलणं माझं आहे. दारात उभं राहून मी बोललो होतो."

वृषाली आधी हसली. मग चिडली. "काहीतरीच. पुरुषाचा आवाज आहे तो. तुला चाळीस वर्षांपूर्वीचं काय आठवतंय?"

"मी आलो," शालनबाई म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात, भाजी घेऊन आल्यावर दारातून म्हणतात तसंच. "आता सांग, कुणाचं आहे हे?"

वृषालीचा चेहरा उतरत गेला. मग तिनं तो कागद हळूच स्वतःकडं ओढून घेतला आणि दुमडला.

"म्हणजे बाबा काहीच बोलले नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "त्या सगळ्या वेळात एक शब्दही नाही."

"नाही गं बाई."

"तू मला का सांगितलंस?"

शालनबाईंना वाटलं, आपण आज पोरीला पुन्हा एकदा पोरकी केली.

---

दुसऱ्या दिवशी दोघी प्रयोगशाळेत गेल्या. नचिकेतनं ऐकून घेतलं, संगणकात काहीतरी उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "क्रियापदावरून गळा ठरवलाय त्यानं. काकू, माझी चूक आहे. कोल्हापूरच्या बायका असं बोलतात हे मला माहीतच नव्हतं."

"पुण्याच्या बाहेर पडत जा अधूनमधून," शालनबाई म्हणाल्या. तो ओशाळला, वृषाली मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

तिच्याकडं बघवेना, म्हणून शालनबाईंनीच विषय पुढं नेला. "काय हो, बोलणं एवढं बारीक उमटतं म्हणता. मग त्यांचा हात नाही उमटला?"

"हात?"

"माल पाण्यात नुसता सोडून ठेवायचा नसतो. तार हातात धरून हलवत राहायचं, झोपाळ्यासारखं, सगळीकडं सारखं बसावं म्हणून. शंभर हेलकावे म्हणजे एक पाणी. हात थांबला की डाग धरतो. त्यांचा कधी थांबायचा नाही."

नचिकेत खुर्चीत सरळ बसला. "म्हणजे तो हात होता. काकू, त्या थरात एक मोठी संथ लाट होती, सारखी येणारी. बोलणं शोधायला अडथळा येत होता, म्हणून गोंगाट समजून आम्ही ती गाळून टाकली. पण मूळ नोंद ठेवली आहे. ती कशी फेकेन?"

पडद्यावर रेघ आली. वर, खाली, वर, खाली. एकसारखी, घाई नाही, दमणं नाही. वृषाली केव्हा जवळ येऊन उभी राहिली ते कळलंही नाही. नचिकेतनं रेघेखाली शालनबाईंचे शब्द मांडले, जिथले तिथे.

"मी आलो." रेघ तशीच चालू. "डॉक्टरीणबाई म्हणतात..." इथं एक हेलकावा आखूड झाला. "धोका आहे." पुढचा आणखी आखूड. "बाळा, तू घाबरू नको."

त्यानंतर रेघ सपाट होती.

"इथं बंद पडलं का काही?" शालनबाईंनी विचारलं.

"नाही, वीज चालू आहे. नुसतं हलणं थांबलंय. वस्तू स्थिर झाली की तिच्या भोवतीचे सोन्याचे कण संपत जातात, थर विरळ बसतो. तो बघा, विरळ होत चाललाय." नचिकेतनं बोटानं मोजलं. "चौदा सेकंद. हात पूर्ण थांबलेला आहे. 'मी तुला सोडणार नाही', 'मी कुठं जात नाही', ही दोन्ही वाक्यं त्यातच आहेत."

"आणि पुढं?"

पुढं रेघ पुन्हा हलत होती. पण ती आधीची नव्हती. एक हेलकावा मोठा, एक लहान, एक मध्येच अडखळलेला. शेवटपर्यंत ती सरळ झाली नाही.

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षं त्या पाठीवर रागावल्या होत्या. पाठ वळली नाही एवढंच त्यांनी दारातून पाहिलं होतं. पाठीच्या पलीकडं हात काय करतोय, ते दारातून दिसण्यासारखं नव्हतं.

"ऐकलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं होतं बघ."

"आई, मला दाखव," वृषाली म्हणाली. "कसा हलवायचे?"

शालनबाईंनी लेकीचा उजवा हात मनगटाशी धरला, अंगठा आणि बोट जुळवून दिलं, जणू तार धरली आहे. मग हलवायला लागल्या. पुढं, मागं. पुढं, मागं. "जोर लावायचा नाही. असं. पाण्याला कळता कामा नये." वृषाली डोळे मिटून हात हलवत राहिली. थोड्या वेळानं शालनबाईंनी आपला हात काढून घेतला, तरी तिचा हात बरोबर त्याच लयीत चालू होता.

"आता बोल तू," वृषाली डोळे न उघडताच म्हणाली. "तेव्हाचं."

शालनबाईंनी घसा साफ केला. "मी आलो," त्या म्हणाल्या, आणि एकेक करून सगळी वाक्यं म्हणत गेल्या. "बाळा, तू घाबरू नको," हे म्हटलं आणि त्यांनी लेकीच्या हाताकडं पाहिलं.

तो थांबला होता.